अकरा सेकंदांचे सरदार

एका महापराक्रमी योद्ध्याला मी चांगली ओळखते. तो बाथरूमच्या टाइल्स विकतो.

दुकानात त्याला शेठ म्हणतात, आमच्याकडे तो वज्रबाहू. आमची कंपनी ‘नवखंड’ नावाचा एक खेळ चालवते. संगणकावर बसायचं, गाव वसवायचं, फौज उभी करायची आणि दुसऱ्याचं राज्य घ्यायचं. निदान जाहिरातीत तसं लिहिलंय. प्रत्यक्षात मधल्या सुपीक खोऱ्यातली सात राज्यं अकरा वर्षांपूर्वी ज्या सात जणांनी घेतली, ती आजही त्यांच्याच बुडाखाली आहेत. वज्रबाहू त्यांतला एक. महाराणी म्हणून जी मिरवते ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे. एक दातांचा डॉक्टर आहे, दोघे एकमेकांचे साडू आहेत आणि उरलेले दोघे काय करतात ते त्यांच्या बायकांनाही नीट सांगता येणार नाही. या सात जणांचं जे मंडळ आहे त्याला ऑफिसात आम्ही ‘थोरले’ म्हणतो. खरं जे म्हणावंसं वाटतं ते कंपनीच्या कागदावर लिहिता येत नाही.

मी तक्रार विभागात आहे. म्हणजे गादीच्या दुकानावरच्या मजल्यावर, पाण्याच्या मशीनशेजारी एक टेबल, एक खुर्ची आणि मी. दर महिन्याला दोन-तीनशे नवे लोक हौसेने खेळात येतात. त्यांना नकाशाच्या कडेला, दलदलीत जागा मिळते. आठवड्याभरात कुणीतरी थोरला येऊन त्यांचं धान्य उचलून नेतो. ते मला पत्र लिहितात, की हे काय चाललंय. मी त्यांना छापील उत्तर पाठवते, की खेळाच्या नियमांत बसणारंच चाललंय. हे मात्र खरं असतं, कारण नियम थोरल्यांना विचारूनच होतात. तटबंदी स्वस्त होती तेव्हा त्यांनी आभाळाला टेकतील अशा भिंती बांधून घेतल्या, आणि मग खेळ फार सोपा झालाय अशी तक्रार करून तटबंदी दसपट महाग करवून घेतली. शिडी चढून झाल्यावर ती वर ओढून घ्यायची आणि खालच्यांना म्हणायचं, आमच्यासारखी मेहनत करा. असली माणसं मी रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा या वेळात सांभाळते.

सलामीचंही तेच झालं. सलामी हे खेळातलं एक बटण, आणि आधी ते नव्या माणसासाठी होतं. अडचणीत आलात की शेजारच्या राजाच्या नावाने ते दाबायचं, राजाने धान्य पाठवायचं आणि बदल्यात राजाचा मान एका गुणाने वाढायचा. थोरल्यांनी अर्ज केला की धान्य पाठवणं ऐच्छिक करा. ते ऐच्छिक झालं. बटण तेवढं उरलं. आता मांडलिकाने रोज सकाळी आठच्या आत आपल्या राजाला सलामी द्यायची, खेळातल्या सगळ्यांना दिसणाऱ्या चौकातल्या फलकावर त्या मांडलिकाचं नाव आणि वेळ झळकते, राजाच्या संगणकावर तुतारी वाजते. रोजच्या शंभर सलाम्या असतील तरच मंडळातली खुर्ची टिकते. हा नियमही त्यांनीच मागून घेतला होता, कारण तेव्हा त्यांच्याकडे तीन-तीनशे मांडलिक होते आणि दुसऱ्या कुणाकडे वीसही नव्हते.

पण लाथा खायला रोज सकाळी हजर राहणारी माणसं किती दिवस मिळणार. लोक कंटाळले, निघून गेले. थोरल्यांच्या खुर्च्या डगमगायला लागल्या. मग या शूरवीरांनी काय करावं. त्यांनी खोट्या नावांची खाती उघडली आणि स्वतःच स्वतःला सलाम ठोकायला सुरुवात केली.

वज्रबाहूचे एकशेचाळीस सरदार आहेत आणि त्यांची नावं त्याने आपल्या दुकानाच्या कॅटलॉगमधून उचलली आहेत. सरदार आयव्हरी मॅट, सरदार ग्रे ग्रॅनाइट, सरदार अँटिस्किड. सकाळी सात दहाला हे सगळे एकापाठोपाठ एक येतात, कॅटलॉगच्या क्रमाने, आणि आपल्या धन्याला वंदन करून जातात. गेल्या वर्षी वज्रबाहूला ताप आला तेव्हा एकशेचाळीसच्या एकशेचाळीस सरदार तीन दिवस अंथरुणाला खिळले. एकदा तर गडबडीत त्याच्या हातून सरदार अँटिस्किडने सरदार ग्रे ग्रॅनाइटचं कोठार लुटलं. दुसऱ्या दिवशी मला दोन तक्रारी आल्या, दोन्ही बाजूंच्या, दोन्हीत अन्यायाने गहिवरलेल्या आणि दोन्ही त्यानेच लिहिलेल्या. मी दोघांना समज दिली.

हे मला दिसतं, कारण कोण कुठल्या संगणकावरून येतो ते माझ्या पडद्यावर उमटतं. साहेबांनाही ठाऊक आहे. वर मालकांना दाखवायला खेळाडूंचा मोठा आकडा लागतो, आणि सरदार आयव्हरी मॅटही आकड्यात एक म्हणून मोजला जातो. मला कुठेही बोलायची सोय नाही, नोकरीला लागताना तशी सही करून दिली आहे. तेव्हा मी गप्प बसून तुच्छतेने बघत असे. तुच्छता मला छान जमते. त्यात मला आपण फार वरच्या जागी बसल्यासारखं वाटायचं.

माझ्या या तुच्छतेच्या यादीत एकच माणूस बसत नव्हता, आणि तो माझा मामा.

आई गेल्यावर मामाने मला वाढवलं. एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, गाळा नंबर तीन, दार उघडलं की दुकान संपलं एवढं. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून तो एवढाल्या चाकांशी चिमट्याने बोलत बसायचा. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मामाने मान वर केली नाही की त्याला थांबावं लागायचं. मग मामाच्या उजव्या हाताला कंप सुटला. सहा महिने त्याने लपवला. एके दिवशी बायकांच्या घड्याळातलं एक चाक त्याच्या हातून उडालं ते सापडलंच नाही. त्याच संध्याकाळी त्याने दुकान बंद केलं, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला आणि पुढे वर्षभर तसाच बसला. मामी म्हणायची की भिंतीला तरी उजाळा आला असता एवढं बघून. ती हसून म्हणायची, पण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

मी त्याला नवखंडात गाव काढून दिलं. बटण दाबायला हात स्थिर लागत नाही, एवढाच माझा विचार होता. मामाने गावाचं नाव ठेवलं ‘गाळा नंबर तीन’. दलदलीतलं ते गाव त्याने घड्याळ उघडावं तसं उघडलं. पहिले दोन महिने त्याने काहीच केलं नाही, नुसतं बघितलं आणि डाव्या हाताने वहीत लिहिलं. नदीला पाणी कधी चढतं, कुणाची फौज किती तासांत कुठे पोचते, कुठला नाका कोण कधी सोडतो. लुटायला आलेल्यांना दोनदा हात हलवत परत जावं लागलं, कारण त्याने धान्य एका ठिकाणी ठेवलंच नव्हतं. तो वेळेवर जेवायला लागला. मामीला फौजेच्या गोष्टी सांगायला लागला. मामी मला फोनवर म्हणाली की त्या दलदलीचं जे काय व्हायचं ते होवो, पण ते गाव जाऊ देऊ नकोस, गाव गेलं तर हा माणूस परत भिंतीकडे वळेल. मी तिला शब्द दिला. शब्द द्यायला माझ्या हातात काय होतं कोण जाणे.

वज्रबाहूने मामाला फर्मान धाडलं, की मांडलिक हो आणि रोज सलामी दे, नाहीतर गाव जाळीन. मामाने उत्तर पाठवलं की आमच्याकडे गिऱ्हाइकाला नमस्कार करतात, पण तो दुकान उघडताना एकदाच. मी ते उत्तर ऑफिसात बसून वाचलं आणि इतकी हसले की साहेबांनी केबिनबाहेर डोकं काढून बघितलं.

त्या रविवारी मी मामाकडे गेले तेव्हा त्याने वही माझ्यासमोर ठेवली. चौकाच्या फलकावरच्या सलाम्यांच्या वेळा त्याने सलग महिनाभर टिपल्या होत्या. प्रत्येक ओळीत तेच अंतर.

“हे बघ,” मामा म्हणाला. “एकशेचाळीस माणसं आणि प्रत्येकाच्या मध्ये अकरा सेकंद. रोज. माणसं अशी चालत नाहीत. हे एकच घड्याळ आहे.”

नोकरीच्या सहीमुळे मला बोलता येत नव्हतं आणि त्याला ते कळत होतं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, वही मिटली आणि मामीला चहा टाकायला सांगितला. मी बाहेर पडले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की दोन स्टॉप पायीच गेले. ऑफिसातले आम्ही सगळे जे कळूनही गिळून बसलो होतो, ते या म्हाताऱ्याने नुसतं बघून ओळखलं होतं.

पुढचं गणित त्याचं त्यानेच मांडलं. एकशेचाळीस गुणिले अकरा म्हणजे जवळपास सव्वीस मिनिटं. सात दहा ते सात छत्तीस वज्रबाहूचे दोन्ही हात स्वतःला सलाम करण्यात गुंतलेले असतात. त्या वेळात नाक्यावर हल्ला झाला तर बचावाला त्याला सलामी सोडावी लागेल, आणि बचाव उरकेपर्यंत सलामीची आठची वेळ टळलेली असेल. मामाने आपली चिमूटभर फौज आदल्या दुपारीच वाटेला लावली. सकाळी सात पंधराला ती नाक्यावर पोचली. वज्रबाहूला धोक्याची घंटा ऐकू गेली असणारच. फलकावर क्षणभर सगळं थांबलं. मग सरदार ग्लॉसी बेज आले आणि त्यांनी सलामी दिली. त्यांच्यामागून सरदार ग्रे ग्रॅनाइट आले. नाका पडला.

दुसऱ्या दिवशी दुसरा नाका. तिसऱ्या दिवशी तिसरा. रोज सकाळी वज्रबाहूपुढे एकच प्रश्न, जमीन वाचवू की सलाम घेऊ, आणि रोज सकाळी त्याने सलाम घेतले. असल्या माणसाला मुलूख नको असतो, तुतारी हवी असते. दहा दिवसांत मामा त्याच्या किल्ल्याच्या तटाखाली येऊन बसला. अकरा वर्षांत तिथे कुणी पोचलं नव्हतं. कडेकडेचे दलदलीतले लोक, जे आठवड्यात निघून जायचे, ते राहिले. मला पत्रं यायला लागली, की गाळा नंबर तीन कोण आहेत, त्यांच्यासोबत लढता येईल का. नोकरीच्या चार वर्षांत पहिल्यांदा मला छापील उत्तर पाठवावंसं वाटलं नाही.

वज्रबाहूच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. त्याची तक्रार आली, मग महाराणीची आली, मग दोन्ही साडूंची आली, एकाच मजकुराची. माणूस आपल्या मांडलिकांचं प्रेम स्वीकारत असताना त्याच्यावर हल्ला करणं हे असंस्कृतपणाचं आहे, सबब सात ते आठ हा तास पवित्र मानावा आणि त्यात युद्ध बंद असावं. महाराणीने तर त्यात मूल्यशिक्षणाचा उल्लेख केला होता.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नियमाचा मसुदा करायला सांगितला. मी म्हटलं, साहेब, ते एकशेचाळीस जण कोण आहेत ते तुम्हालाही ठाऊक आहे. साहेब पेपरवेट फिरवत राहिले. ते वाईट माणूस नाहीत, नुसते पगारदार आहेत. नवे येतात-जातात, ते म्हणाले, थोरले राहतात, आणि जो राहतो त्याचं ऐकावं लागतं. मी म्हटलं, नवे जातात ते थोरल्यांमुळेच. त्यावर त्यांनी सोमवारपर्यंत मसुदा हवा असं सांगितलं.

मी मसुदा लिहिला. हे सांगायला मला लाज वाटते, पण लिहिला, आणि चांगल्या भाषेत लिहिला. शनिवारी संध्याकाळी मात्र मामाकडे गेले आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं. सोमवारनंतर सकाळी हल्ला करता येणार नाही, मी म्हटलं, आणि मग सातही जण मिळून तुझं गाव जाळतील. तुझ्याकडे वही आहे. ती अख्खी चौकात लाव. तारीख, वेळ, सेकंद सगळं. लोकांना बघू दे की हे सात राजे नसून आरशासमोर उभे राहिलेले सात जण आहेत. एकदा लोक हसले की संपलं.

मामाने ऐकून घेतलं. मामीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की लावा हो, होऊन जाऊ दे. मामा म्हणाला, उद्या लावतो, आज एकदा आकडे तपासून घेतो. घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो नेहमी एक रात्र स्वतःकडे ठेवायचा, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी सकाळपासून मी चौकाचा फलक उघडून बसले. दुपार झाली तरी वही आली नाही. चार वाजता मी मामाकडे गेले.

मामाने दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली होती आणि तिच्यावर मामी फक्त पाहुण्यांसाठी काढते ती उशी होती. पडद्यावर मंडळाचं सभागृह होतं, सात खुर्च्यांचं. मी मोजल्या. आठ होत्या.

काल मी तिथून निघाल्यावर महाराणीचं पत्र आलं होतं. तिने मामाला आदरणीय म्हटलं होतं. इतकी सूक्ष्म नजर मंडळाला हवी होती, असं लिहिलं होतं. मामाने मला ते पत्र वाचून दाखवलं, दोनदा. ‘सूक्ष्म नजर’ या शब्दांवर त्याने दोन्ही वेळा पडद्यावर बोट ठेवलं. वर्षभर भिंतीकडे बघणाऱ्या माणसाच्या नजरेला कुणीतरी सूक्ष्म म्हटलं होतं. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि मला रडू येत होतं.

मी विचारलं, वहीचं काय. तो म्हणाला, वही आहे ना. आणि त्याने ती माझ्यापुढे ठेवली. मागच्या कोऱ्या पानांवर डाव्या हाताच्या गिचमिड अक्षरात शंभर नावं होती. सरदार डायल. सरदार तासकाटा. सरदार मिनिटकाटा. सरदार चामडी पट्टा. सरदार बकल.

“शंभर लागतात,” मामा म्हणाला. “मला झेपायचं नाही. एवढं भराभर करायला गेलं की हात उडतो माझा. तू सकाळी ऑफिसला जायच्या आधी करशील का?”

मी मामीकडे बघितलं. ती दारात उभी होती. आता ती म्हणेल काहीतरी, मला वाटलं, तिची जीभ तर नेहमीच तिखट. पण ती मामाकडे, त्या उशीकडे, भिंतीपासून दूर आलेल्या खुर्चीकडे बघत होती. मग ती मला हळूच म्हणाली की बाई, वीस मिनिटांचं तर काम आहे.

सोमवारी पवित्र तासाचा नियम मंडळापुढे आला. आठ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. दलदलीतल्या लोकांची पत्रं आली, की गाळा नंबर तीन यांचं काय झालं. मी त्यांना छापील उत्तर पाठवलं.

आता रोज सकाळी सातला मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर संगणक ठेवते, एकीकडे डबा भरते आणि एकीकडे शंभर सरदार बनते. वज्रबाहूला अकरा सेकंद लागतात, मला नऊ. याचा मला पहिल्या आठवड्यात किंचित अभिमानही वाटला, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या खुर्चीवरून मी सगळ्यांना तुच्छ मानत होते ती केव्हाच गेली आहे, आणि सवय मात्र राहिली आहे. डबा भरताना मी स्वतःशीच हसते आणि ते हसणं मला ऐकवत नाही.

परवा शेवटचा सरदार बकल सलाम करून गेला आणि लगेच मामाचा फोन आला. आवाज खणखणीत होता, दुकानातला जुना आवाज. मला वाटलं, आभार मानायला केलाय.

“सगळ्यांच्या मध्ये नऊच सेकंद पडतायत,” मामा म्हणाला. “असं नको करूस. कुठे सात, कुठे वीस, दोन-चार नावं वाढव आणि मधेच एखादा चुकव. कुणीतरी बघत बसलेला असतो.”

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरदार मिनिटकाट्याला मी उशीर करायला लावला आणि सरदार डायल आलाच नाही.